बंद झालेल्या विजेच्या तारांची व्यवस्था

विहिरीवरची मोटार दुसऱ्या विहिरीवर नेली, कडबाकुट्टीचें यंत्र विकलें, जुनी वस्ती मोडून नवें घर बांधलें, किंवा सौर पंप बसवून जुन्या पंपास निरोप दिला, म्हणजे यंत्र जातें. परंतु त्यास वीज पुरविणारी तार बहुधा जागच्या जागीं राहते. यंत्रास किंमत येते, म्हणून तें नीट उचललें जातें. तारेचें टोंक मात्र भिंतीवर, आंब्याच्या खोडावर किंवा विहिरीच्या कांठावर लोंबत राहतें, आणि त्यावर कोणी चिंधी, कोणी प्लॅस्टिकची पिशवी, कोणी सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून ठेवतो. ही तार आतां मेली, असें घरांतील सर्वजण धरून चालतात. या समजुतीनें आमच्या गोठ्यांत काय झालें तें आधीं सांगतों, आणि मग अशा तारेची रीतसर व्यवस्था कशी करावी याविषयीं जाणत्या वायरमन मंडळींकडून जें समजून घेतलें तें वाचकांपुढें ठेवतों.

कऱ्हाडाहून कोयना ओलांडली म्हणजे मलकापूर लागतें. तेथील शिवारांत आमची थोडकी जमीन व वस्ती आहे. गोठ्याच्या पडवींत तीन अश्वशक्तीची कडबाकुट्टी होती व तिची वायर विहिरीच्या मोटारीच्याच पेटींतून ओढलेली होती. नोकरींतून मोकळे झाल्यावर आम्हीं गुरें कमी केलीं, तेव्हां वैशाखांत तें यंत्र विकलें. घेणारा दुपारीं टेंपो घेऊन आला. त्या वेळीं लाईट नव्हती. शेतीच्या वाहिनीस त्या आठवड्यांत रातपाळी होती. टेस्टर लावून पाहिला, तो लागला नाहीं. मग तिन्ही तारा पक्कडीनें तोडल्या, टोंकांस ट्यूबचें रबर गुंडाळून सुतळीनें बांधलें, आणि वेटोळें करून खुंटीस अडकविलें. पेटींतून ती वायर सोडविण्याचें राहून गेलें. कारण त्याच पेटीवर विहिरीची मोटार चालत होती, आणि वरचेवर पेटी कोण उघडतो! दीड महिना कांहीं झालें नाहीं. मृगाचा पाऊस लागला, पडवीचा पत्रा गळूं लागला, आणि एका रात्रीं वेटोळें खुंटीवरून सुटून दावणींत पडलें. पहाटे पाहतों तों आमची सहा वर्षांची गाय मरून पडली होती, आणि शेजारचें खोंड दावें तोडून बाहेर उभें होतें. पेटींतील फ्यूज तिन्ही शाबूत होते.

नोकरींत असतांना दुसऱ्यांच्या गुरांचे पंचनामे आम्हीं स्वच्छ अक्षरांत पुष्कळ उतरून काढले. त्या दिवशीं आपल्याच दावणीशीं पंचांसमोर बसावें लागलें. दोष वीज कंपनीचा नव्हता, यंत्र नेणाऱ्याचाही नव्हता. तो सर्वस्वीं आमचा होता. गाय गेली तिचें दुःख आहेच. परंतु आमची सून रोज पहाटे, पुरतें उजाडण्यापूर्वीं, त्याच दावणीशीं धार काढावयास बसत असे, हें मनांत आलें म्हणजे अद्यापि अंगावर कांटा येतो.

आमची चूक कोठें झाली? प्रथमदर्शनीं वाटेल कीं रबर नीट गुंडाळलें नाहीं. ती चूक खरी, पण दुसरी. पहिली चूक अशी कीं, ज्या घटकेस तारेंत वीज नव्हती त्या घटकेस ती तपासून आम्ही निश्चिंत झालों. शेतीच्या वाहिन्यांस पुष्कळ ठिकाणीं कांहीं दिवस दिवसा व कांहीं दिवस रात्रीं अशी पाळी असते. सौर वाहिनीखालीं आलेल्या गांवांस आतां दिवसा वीज मिळूं लागली आहे, तरी तेथेंही ती ठराविक तासच असते. अशा शिवारांत दुपारीं चार वाजतां टेस्टर लागत नाहीं याचा अर्थ एवढाच, कीं त्या वेळीं लाईट आलेली नाहीं. सातबाऱ्यावर एखादें शेत ‘पड’ लिहिलें म्हणून कोणी तें बिनधनी समजत नाहीं, तारेचेंही तसेंच. जोंवर तिचें उगमाकडचें टोंक पेटींतून सुटलेलें नाहीं, तोंवर ती पड असेल, पण मेलेली नाहीं.

याहून फसवा प्रकार एक आहे. तीन फेजांपैकीं एक फेज डीपीवर गेलेली असतां, त्याच डीपीवरील एखाद्या शेजाऱ्याची मोटार जोडलेली राहिली, तर उरलेल्या दोन फेजांची वीज त्या मोटारीच्या आंतील वेटोळ्यांतून फिरून गेलेल्या फेजेच्या तारेंत येते. म्हणजे डीपीवर फ्यूज नाहीं, तरी आपल्या बांधावरच्या तारेंत वीज! शिवाय पुष्कळ जुन्या घरांतून बटण न्यूट्रलवर बसविलेलें आढळतें; तेथें बटण बंद केल्यानें दिवा विझतो, पण होल्डरांत फेज तशीच उभी राहते. कोणाच्या घरीं इन्व्हर्टर असतो, कोणी लग्नकार्यांत जनित्र आणून जोडतो; आणि तें जोडणें अडाणीपणाचें असेल तर बाहेरची लाईट गेली असतांही तारांत वीज खेळत असते.

आतां फ्यूज कां उडाला नाहीं, हा प्रश्न त्या दिवशीं गोठ्यांत जमलेल्या प्रत्येकानें आम्हांस विचारला, तेव्हां त्याचा उलगडा करणें अवश्य आहे. फ्यूज हा तारेचा राखणदार आहे, माणसाचा नव्हे. पांच अश्वशक्तीची मोटार तिन्ही फेजांवर सुमारें सात अँपिअर घेते, आणि सुरू होतांना त्याच्या कितीतरी पट घेते. म्हणून फ्यूजची तार त्याहून जाड घालावी लागते. उलट भिजलेल्या अंगाचा रोध हजार ओहमांच्या आसपास धरतात. एका फेजेचा जमिनीशीं दाब २३० व्होल्ट. तेव्हां अंगांतून जाणारा प्रवाह होतो सुमारें पाव अँपिअर, म्हणजे साठ वॅटचा एक दिवा जितका घेतो तितकाच. पेटींतील फ्यूजला वाटतें, कोणीं एक दिवा लावला. तो कशाला उडेल? पण जीव जाण्यास याच्या कितीतरी कमी प्रवाह पुरतो. म्हणूनच माणसाच्या रक्षणासाठीं जें आरसीसीबी नांवाचें यंत्र निघालें आहे, तें ३० मिलिअँपिअर, म्हणजे पाव अँपिअरच्या सुमारें आठव्या हिश्श्याची गळती झाली कीं तत्काळ वीज तोडतें. एमसीबी निराळी, ती फ्यूजचीच धाकटी बहीण आहे व तिच्यानें हें काम होत नाहीं. दुकानदार दोहोंस एकच समजून देतात, यास्तव घेतांना नीट विचारून घ्यावें.

गुरांस धोका माणसाहून अधिक, हेंही लक्षांत ठेवावें. तार ओल्या जमिनीवर पडली म्हणजे तिच्याभोंवतीं जमिनींत विजेचा दाब पसरतो. जवळ जास्त, दूर कमी. गुराचे पुढचे व मागचे पाय चांगले चार-पांच फूट अंतरावर असल्यामुळें त्या दोन ठिकाणच्या दाबांतील फरक पुरेसा मोठा असतो, आणि पुढच्या पायांतून मागच्या पायांकडे जाणारा प्रवाह वाटेंत काळजावरून जातो. तारेस न शिवतांही बैल पडतो तो यामुळें.

कोयनेच्या वीजप्रकल्पाचा पहिला टप्पा १९६२ च्या सुमारास चालू झाला, त्याच्या दोन वर्षें आधीं, १९६० सालीं, वीज मंडळ स्थापन झालें होतें, आणि पुढील वीस-पंचवीस वर्षांत आमच्या भागांतील मोटा जाऊन मोटारी आल्या. म्हणजे शिवारांतील कित्येक तारा आतां आजोबांच्या वयाच्या आहेत. रबरावर सुताची वीण असलेल्या जुन्या वायरी हातांत घेतल्या तर आवरण पोपडे होऊन गळतें. नव्या प्लॅस्टिकच्या आवरणासही उन्हानें चिरा पडतात, उंदीर व खारी तें कुरतडतात, आणि उसाचीं पातीं वाऱ्यानें त्यावर घासत राहतात. वापरांतील तार बिघडली तर मोटार बंद पडते व आपण धांवत जातों. बंद तार बिघडली तर कोणास कळत नाहीं. एका चिंधीखालीं दोन फेजांचीं टोंकें एकत्र बांधलेलीं असलीं, तर धूळ व ओल यांच्यामुळें त्यांच्यामध्यें ठिणगी पडूं लागते. फेजाफेजांत ४१५ व्होल्टांचा दाब असतो. वाळल्या पाचटाजवळ असें टोंक असणें म्हणजे उसाच्या फडांत काडी पेटती ठेवण्यासारखें आहे.

असो. व्यवस्था करावी कशी? पहिली गोष्ट ऐकून वाचकांस नवल वाटेल. हें काम लाईट नसतांना करूं नये; लाईट आलेली असतांना, मेन स्विच बंद करून करावें. लाईटच नसेल, तर आपण बंद केलेला स्विच खरोखर याच तारेचा आहे कीं नाहीं याची परीक्षा होत नाहीं. मेन बंद केल्यावर किटकॅट फ्यूज काढून ते काम करणाऱ्यानें स्वतःच्या खिशांत ठेवावेत. पेटी उघडी टाकून घरीं सांगावा धाडला व मागें पोरानें येऊन फ्यूज लावले, असें नको. स्टार्टरास कपॅसिटर असेल तर त्यांत बंद केल्यावरही कांहीं वेळ वीज सांठून राहते; म्हणून थोडें थांबावें.

मग तपासणी, आणि ती तीन वेळां. प्रथम जेथें वीज आहे हें ठाऊक आहे अशा ठिकाणीं, म्हणजे मेनच्या वरच्या अंगास, टेस्टर लावून तो चांगला असल्याची खात्री करावी. नंतर जी तार सोडवावयाची तिच्या प्रत्येक टोंकास लावावा. शेवटीं पुन्हां पहिल्या ठिकाणीं लावून टेस्टर मध्येंच बिघडला नाहीं हें पाहावें. साध्या टेस्टरवर सर्वस्वीं विसंबूं नये. त्याचा दिवा आपल्याच अंगांतून जाणाऱ्या अतिसूक्ष्म प्रवाहानें लागतो. कोरड्या फळीवर उभें राहिलें किंवा भर उन्हांत पाहिलें तर लागलेला दिवाही दिसत नाहीं. वायरमनजवळ मीटर असतो, त्यानें फेज-फेज, फेज-न्यूट्रल व फेज-अर्थ असें सर्व बाजूंनीं मोजून घ्यावें. होल्डरांतील दिवा दोन तारांस लावून पाहण्याची चाल आहे, तीही फसवी. न्यूट्रल तुटलेली असेल तर दिवा लागत नाहीं, पण फेज मारते.

तार निर्जीव ठरली म्हणजे उगमाकडचें टोंक आधीं सोडवावें, यंत्राकडचें नंतर. आम्हीं नेमकें उलटें केलें. पेटींतून फेज, न्यूट्रल व त्या यंत्राची अर्थची तार, सर्व स्क्रूखालून सोडवावीं. पक्कडीनें सगळ्या तारा एका दमांत तोडण्याची संवय वाईट आहे. अंदाज चुकून एक जरी फेज चालू असली, तर पक्कड वितळते व डोळे जातात. दोन्ही टोंकें सुटलीं कीं सर्वांत उत्तम उपाय एकच: ती वायर ओढून काढावी आणि गुंडाळून माळ्यावर ठेवावी. जी तार जागेवर नाहीं, तिच्याविषयीं पुढच्या पिढीस कांहीं लक्षांत ठेवावें लागत नाहीं. तांबें व ॲल्युमिनियम मोडींतही विकलें जातें, ही गोष्ट अलाहिदा.

भिंतींत गाडलेली वायर निघत नाहीं. तेथें दोन्ही टोंकें सोडवून प्रत्येक तारेस निरनिराळी टोपी घालावी. तांबें जितकें उघडें असेल तितकें कापून टाकावें, त्या तारेच्या मापाचा बंद तोंडाचा कनेक्टर घट्ट बसवावा, आणि त्यावर चिकटपट्टी ताणून, अर्धी पट्टी पहिल्या वेढ्यावर येईल अशी गुंडाळावी. नुसती चिकटपट्टी पुरत नाहीं. उन्हाळ्यांत तिचा डिंक पाघळतो व पावसाळ्यांत ती सुटते. निरनिराळ्या तारांचीं टोंकें एकमेकांस पिळून ठेवूं नयेत. नंतर तीं सर्व टोंकें झांकणाच्या पेटींत घालून झांकण स्क्रूनें बंद करावें. पेटीवर गिलावा करूं नये, कारण पुढें कोणी भिंतींत खिळा मारील त्यास आंत काय आहे हें कळलें पाहिजे. झांकणाच्या आंतल्या बाजूस चिठ्ठी लावावी: वायर कोणाची, कोठून कोठें गेली, दोन्ही टोंकें सुटलीं आहेत कीं एक, व तारीख. आम्ही कारकून माणसें, आम्हांस नोंदीचें वेड, असें कोणी म्हणतील. परंतु वायरीच्या अंगावर तिची हकीकत कोठें लिहिलेली असते?

पुढें यंत्र पुन्हां बसवावयाचें असेल व म्हणून वायर ठेवणें भाग असेल, तरीही ती पेटींतून सोडवूनच ठेवावी. जोडण्यास वायरमनला घटकाभर पुरतो. सोडवितां येतच नसेल, तर तिला स्वतंत्र एमसीबी असावी, ती बंद असावी, आणि गोठ्याकडील टोंक वर सांगितल्याप्रमाणें पेटींत, गुरांचें तोंड व शिंगें पोंचणार नाहींत इतक्या उंचीवर असावें. विंधनविहिरींत पाणबुडी मोटार अडकून राहिली म्हणजे तिची केबल वर तशीच सोडतात. तिचें टोंक स्टार्टरांतून सोडवावें, टोप्या घालाव्या, आणि बोअरचें तोंडही पक्क्या झांकणानें बंद करावें, कारण त्यांत मुलें पडतात.

मात्र एका तारेस कोणींही ‘बंद’ समजूं नये. मोटारीपासून निघून जमिनींत गेलेली गंज चढलेली लोखंडी तार कित्येकांस निरुपयोगी वाटते, व कुंपण बांधतांना ती कापली जाते. ती अर्थिंगची तार आहे. तींतून एरव्हीं वीज वाहत नाहीं, आणि वाहूं नये यातच तिचें काम आहे. मोटारीच्या अंगांत वीज उतरली कीं तीच तिला जमिनींत घेऊन जाते. तसेंच खांबाच्या ताणतारेस जनावर बांधूं नये.

येथवर जें सांगितलें तें मीटरच्या अलीकडचें, म्हणजे आपल्या मालकीच्या तारांचें. तेंही काम परवानाधारक विद्युत् ठेकेदाराच्या माणसाकडून करवावें असा नियम आहे, व तो योग्यच आहे. शेतकऱ्यानें स्वतः पाहावें, विचारावें, पण पक्कड त्याच्या हातीं द्यावी. मीटरच्या पलीकडे, खांबाकडील तारेस तर वायरमननेंही हात लावावयाचा नाहीं. ती महावितरणची. पंप कायमचा बंद करावयाचा असेल तर जोडणी कायमची बंद करण्याविषयीं लेखी अर्ज करून पोंच घ्यावी. मीटर नेला म्हणजे काम झालें असें समजूं नये. सर्व्हिस वायर खांबाशींच सोडविली आहे कीं नाहीं हें समक्ष उभें राहून पाहावें. तार तुटून पडलेली दिसली तर लांब उभें राहून इतरांस अडवावें व १९१२ या क्रमांकावर कळवावें. कोणी घरच्या तारेस चिकटला असेल तर त्यास न शिवतां आधीं मेन बंद करावा. तें शक्य नसेल तर कोरड्या वेळूनें तार दूर सारावी, आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. खांबावरच्या उच्च दाबाच्या तारेस मात्र वेळूही चालत नाहीं.

अर्जाच्या बाबतींत आमच्याकडे एक गोम आहे, ती महसुली माणसाच्या लवकर ध्यानांत येते. पुष्कळ पंपांच्या जोडण्या अद्यापि आजोबांच्या नांवें आहेत. सातबाऱ्यावर वारस लागले, वाटणीपत्र झालें, विहिरींत हिस्से पडले. पण विजेच्या बिलावर तोच वारलेला पुरुष. जोडणी बंद करा म्हणून अर्ज कोणीं करावा? थोरला म्हणतो धाकट्यानें, धाकटा म्हणतो थकबाकी कोण भरणार. तोंवर तार विहिरीवर उभी. मलकापूर तर आतां नगर होऊन बसलें आहे. जेथें ऊस होता तेथें बिनशेतीचे भूखंड पडून बंगले उठले. विहीर बुजली, पंप गेला, आणि जुनी वायर कोणाच्या तरी कुंपणाच्या भिंतींत अथवा परसांतील झाडांत अडकून राहिली. भूखंड घेणारा मोजणीचा नकाशा पाहतो, फेरफार पाहतो. या जमिनींत पूर्वीं पंप होता काय व त्याच्या तारेचें काय झालें, हें विचारणारा आम्हांस अद्यापि भेटलेला नाहीं. विकणाऱ्यानेंच तें सांगावें, आणि खरेदीपूर्वीं जोडणी बंद करून द्यावी.

गाय गेल्यावर आम्हीं एक वायरमन बोलावून वस्तीवरील सर्व तारांची मोजदाद करविली. निरुपयोगी अशा पांच निघाल्या: कडबाकुट्टीची, पाडलेल्या न्हाणीची, गुऱ्हाळाच्या जागीं लावलेल्या दिव्याची, आणि दोन अशा, कीं त्या कशाच्या हें घरांत कोणासच सांगतां येईना. पांचांपैकीं तीन पेटींत जोडलेल्याच होत्या. चार वायरी ओढून काढल्या. न्हाणीची भिंतींत गाडलेली, तिला टोप्या घालून पेटी बसविली. विहिरीच्या जोडणीवर आमच्या आजोबांचें नांव होतें, तें बदलून घेण्यास मृत्यूचा दाखला, वारसनोंदीचा फेरफार व दोघां चुलतभावांचीं संमतिपत्रें जमवावीं लागलीं, आणि त्यांत एक दिवाळी गेली. धाकटा चुलतभाऊ पुण्यास असतो. त्याची सही मिळण्यास सर्वांत अधिक वेळ लागला.